वाचकांचे प्रश्न: वर्षानुवर्षं उभी असलेली पिकअप पुन्हा चालवायचीये

बरीच वर्षं बंद असलेली जुनी पिकअप परत चालू करायची आहे, अशी पत्रं या वेळी इतकी आली की अख्खं सदर त्यालाच दिलंय. जवळपास सगळ्यांना इंजिनाचा आवाज कधी एकदा ऐकतोय असं झालंय, ते समजतं, पण या कामात इंजिन चालू होणं त्यामानाने सोपं असतं आणि खरं काम ब्रेक, टायर, रबर आणि टाकीत असतं. म्हणून त्या उत्तरांनाही पुरेशी जागा दिलीये.

प्रश्न: वडिलांची डिझेल पिकअप सहा वर्षं शेडमध्ये उभी आहे. उभी केली तेव्हा मस्त चालत होती. आता बॅटरी पूर्ण मेलीये. ओळखीचे एक जण म्हणतात नवी बॅटरी टाक आणि सेल्फ मार, नाहीच झाली तर दुसऱ्या गाडीला बांधून ओढत चालू करू. चालेल का?

उत्तर: नका करू, आणि ओढून तर अजिबातच नको. गाडी एवढी वर्षं उभी राहिली की सिलेंडरच्या भिंतीवरचं, बेअरिंगमधलं ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं. भिंती कोरड्या पडतात, दमट हवेने बारीक गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथेच चिकटून बसू शकतात. सेल्फ मारला आणि इंजिन जाम असेल तर सेल्फ निदान अडकून तरी थांबतो. ओढताना अख्ख्या गाडीचं वजन चाकांतून इंजिनावर येतं, मग जे अडकलंय ते सुटत नाही, मोडतं. शिवाय इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर बंद, आणि सहा वर्षं न वापरलेल्या ब्रेकवर, दोरीला बांधलेल्या गाडीत बसायचं, हे कुणीच करू नये.

सुरुवात ऑइलच्या पट्टीपासून करा. पट्टीवर ऑइल दुधट दिसलं किंवा खुणेच्या बरंच वर दिसलं तर आत पाणी किंवा डिझेल गेलंय, तिथेच थांबा आणि कारण शोधा. ठीक वाटलं तरी जुनं ऑइल काढाच. चेंबरचा नट उघडताना पहिली धार काय येते ते नीट बघा, पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतं आणि आधी तेच बाहेर येतं. नवं ऑइल आणि नवा फिल्टर टाका, ग्रेड गाडीच्या पुस्तकात आहे तोच, पण फार भारीतलं ऑइल आत्ता नको कारण हे चारपाचशे किलोमीटरनंतर परत काढायचंय, सगळी आतली घाण घेऊन.

मग हिटर प्लग (थंड इंजिन चालू करताना सिलेंडर आतून तापवणारे) काढा. यात घाई केली तर प्लग हेडमध्येच तुटतो आणि साधं काम मोठं होऊन बसतं, त्यामुळे आदल्या दिवशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा आणि पाना जोर मागायला लागला तर सोडून द्या, ते काम मेकॅनिककडून करून घ्या. प्लग निघाले की प्रत्येक भोकातून चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडा आणि एक-दोन दिवस तसंच मुरू द्या. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावा आणि इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला हाताने हळू फिरवा. पूर्ण दोन फेरे झाले म्हणजे सगळ्या सिलेंडरचं चक्र एकदा पूर्ण झालं. एकसारखा जड वाटला तर ठीक, पण एखाद्या जागी खट्कन अडला तर पान्याला पाईप घालून जोर लावायचा मोह टाळा, परत ऑइल सोडा, परत थांबा, थोडं मागे थोडं पुढे असं करत राहा. नुसत्या थांबण्याने सुटलेली इंजिनं भरपूर आहेत.

तुमच्या गाडीत टायमिंग बेल्ट रबरी असेल तर तो किलोमीटर न बघता बदला. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उघडावं लागतं. टायमिंग चेन असेल तर ही काळजी बरीच कमी.

आता डिझेल. टाकीच्या तळाचा नट उघडून पहिलं लिटरभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि अर्धा तास न हलवता ठेवा. खाली पाण्याचा थर बसेल, वर डिझेल, आणि दोघांच्या सीमेवर काळपट शेवाळासारखा चिकट पडदा दिसला तर समजा टाकीत जिवाणू-बुरशी वाढलीये. ते जगतात पाण्यात आणि खातात डिझेल, त्यामुळे बरोबर त्या सीमेवरच सापडतात. असा पडदा दिसला की नुसतं नवं डिझेल ओतून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते, नाहीतर नवे फिल्टर एकामागोमाग चोक होत राहतात आणि माणूस पंपाला दोष देत बसतो. पडदा नसेल तर जुनं डिझेल पूर्ण काढा, फिल्टर बदला, नवं भरा.

आता बॅटरी लावा, पण प्लग अजून बाहेरच ठेवा आणि पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवा म्हणजे डिझेल जाणार नाही. प्लगच्या भोकांवर जुनं कापड टाका आणि बाजूला उभे राहा, कारण सोडलेलं ऑइल जोरात बाहेर उडतं. ते उडायलाच हवं, आत जास्त राहिलं आणि प्लग लावून सेल्फ मारला तर पिस्टन न दाबल्या जाणाऱ्या तेलावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सेल्फ दहा-पंधरा सेकंद मारा, मिनिटभर थांबा, परत मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. कॉम्प्रेशन नसल्यामुळे इंजिन हलकं फिरतं आणि बेअरिंगना ऑइल पोचल्यावरच पहिला खरा भार येतो, सगळ्या खटपटीचा मुद्दा तोच आहे.

प्लग आणि वायर परत लावली की एअर काढा. फिल्टरवरचा हातपंप मारत राहा आणि तिथला स्क्रू बुडबुडे बंद होईपर्यंत ढिला ठेवा. जुन्या साध्या पंपाच्या गाडीत नोझलच्या पाईपांचे नटही थोडे ढिले करून एअर काढतात, पण गाडी कॉमन रेलची (एकाच सामायिक पाईपातून फार मोठ्या दाबाने सगळ्या नोझलना डिझेल देणारी) असेल तर त्या नटांना हात लावायचा नाही, तिथला दाब इतका असतो की डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते.

पहिल्यांदा चालू करताना गाडी शेडच्या बाहेर असू द्या, बंद जागेत धूर जिवावर बेततो. हवेच्या पाईपाचं तोंड झाकेल एवढी फळी हाताशी ठेवा. बरीच वर्षं पडून राहिलेल्या पंपाचा रॅक (किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी दांडी) अडकला तर डिझेल इंजिन चावी बंद करूनही रेस होत जातं आणि तेव्हा हवा तोडणं हाच उपाय उरतो. आणि हिटर प्लगच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तापलेल्या प्लगवर तो भडकतो. चालू झाल्यावर पाच-सात सेकंदांत ऑइलचा दिवा विझला नाही तर बंद करा. विझला तर रेस न करता चालू राहू द्या आणि खाली वाकून बघा कुठे काय गळतंय.

प्रश्न: पेट्रोलची जुनी कार्ब्युरेटरवाली पिकअप. नवं पेट्रोल टाकून चालू झाली, चोक ओढलेला असला की चालते, चोक बंद केला किंवा ॲक्सिलेटर दिला की बंद पडते. प्लग नवीन आहेत.

उत्तर: चोक ओढल्यावर चालते याचा अर्थ इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, चोक हवा कमी करून ती कमतरता झाकतोय एवढंच. जुनं पेट्रोल काही महिन्यांतच खराब व्हायला लागतं, हलका भाग उडून जातो आणि मागे जो उरतो तो वार्निशसारखा पिवळसर चिकट थर होऊन बसतो. कार्ब्युरेटरचा बाऊल उघडा, तळाशी तो थर आणि कदाचित पांढरट-हिरवट पूड दिसेल. ही पूड पाण्याने धातू खाल्ल्याची असते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि ठरावीक प्रमाणाच्या पुढे पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, म्हणजे बरोबर जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) तोंडाशी.

जेट काढून उजेडाकडे धरून बघा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तारेने खरवडू नका, पितळ मऊ असतं, भोक जराही मोठं झालं की मिश्रणाचं गणित कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनरमध्ये बुडवा आणि हवा मारा. ॲक्सिलेटर दिल्यावर लगेच मरते म्हणताय तर ॲक्सिलेटर पंपाचा डायफ्रामही बघा, तो कडक झाला किंवा चिरला की पेडल दाबल्यावर जी पेट्रोलची पिचकारी उडायला हवी ती उडत नाही. इंजिन बंद असताना वरून आत डोकावून थ्रॉटल हलवा, पिचकारी दिसते की नाही लगेच कळतं. एकूणच रिपेअर किट टाकून सगळे गॅस्केट आणि नीडल व्हॉल्व्ह बदलणं मला जास्त पटतं, एकेक करत बसलात तर तेच कार्ब्युरेटर परत परत उघडाल.

पण कार्ब्युरेटर साफ करून टाकी तशीच ठेवली तर आठवड्यात परत हेच होईल. टाकीत टॉर्च मारून बघा (पेटतं काही जवळ नेऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची), गंजाचे पोपडे दिसले तर टाकी उतरवा. टाकी ते पंप आणि पंप ते कार्ब्युरेटर हे रबरी पाईप सगळे बदला. वरून चांगला दिसणारा पाईप वाकवला की त्यावर बारीक चिरा उघडतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा एक थेंबसुद्धा नको.

प्रश्न: इंजिन छान चालू झालं, पण ब्रेकचं पेडल तळाला जातं. तीनचार वेळा पंप केलं की धरतं. मागचं एक चाक तर जामच आहे. एवढ्यावर सावकाश गॅरेजपर्यंत नेली तर?

उत्तर: नका नेऊ. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या. पंप केल्यावर धरणारा ब्रेक म्हणजे ऐन वेळी, जेव्हा पंप करायला सेकंदही नसतो, तेव्हा न धरणारा ब्रेक.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तो त्याचा स्वभावच आहे. डॉट 3 ग्रेडचं नवं ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तीच मर्यादा 140 वर येते, डॉट 4 ची 230 वरून 155 वर. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल आत जातं. तेच पाणी आतून व्हील सिलेंडरच्या भिंती गंजवतं, आणि बहुधा तुमचं चाक त्यामुळेच किंवा लायनर ड्रमला गंजून चिकटल्यामुळे जाम आहे.

गाडी सपाट कडक जमिनीवर घ्या, बाकीच्या चाकांना पुढून-मागून अटकण लावा आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता स्टँडवर उभी करा. हँडब्रेक पूर्ण सोडा, तरी चाक फिरत नसेल तर ड्रमच्या कडेवर हातोड्याने गोल फिरत हलके ठोके द्या. ड्रम निघाला की आतली पूड फुंकू नका आणि हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, ओल्या कापडाने पुसून घ्या. आता व्हील सिलेंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी नखाने जरा मागे सरकवा. आत कोरडं असेल तर बरं. ओलं असेल, थेंब आला, तर कप (आतलं रबरी सील) गेलाय, सिलेंडर बदला, आणि लायनरवर ऑइल उतरलं असेल तर लायनरही बदला, धुऊन वापरू नका. जी गत एका चाकाची तीच थोड्याफार फरकाने चारही चाकांची असते, म्हणून चारही उघडा.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे चाकाकडे जाणारे रबरी होज. ते आतून फुगतात, बाहेरून पत्ता लागत नाही, ऑइल दाबाने पुढे जातं पण परत येत नाही आणि पेडल सोडल्यावरही चाक धरून राहतं. दुसरी खास पिकअपची. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगवरून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हला दांडी जोडलेली असते, माल किती आहे त्यानुसार ती मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ही दांडी गंजून एका जागी बसते. रिकाम्या गाडीच्या जागेवर बसली तर माल भरल्यावर मागचे ब्रेक अर्धेच लागतात, आणि रिकामी चालवून बघणाऱ्याला हे कधीच कळत नाही. हाताने हलते का बघा, सोडवा, ग्रीस करा, नाहीच सुटली तर व्हॉल्व्ह बदला.

सगळं झाल्यावर नवं ऑइल भरून, बहुतेक गाड्यांत मास्टर सिलेंडरपासून (ब्रेक पेडलला जोडलेला मुख्य सिलेंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करत, स्वच्छ धार येईपर्यंत एअर काढा. ब्रेकच्या भांड्यात इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलं तेल चुकूनही पडू देऊ नका, सगळी रबरं फुगून अख्खी सिस्टीम बदलावी लागते.

प्रश्न: टायरची नक्षी नव्यासारखी आहे, गाडी फार चाललेलीच नाही. हवा भरली तर टिकतेय. बदलायची गरज आहे का?

उत्तर: नक्षी सोडा, तारीख बघा. टायरच्या बाजूवर डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. 3112 म्हणजे 2012 चा एकतिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे, त्याचा विचारच नको. दहा वर्षांवरचा टायर कितीही छान दिसला तरी काढा, दहा वर्षांच्या आतला असला तरी बाजूला चिरा दिसत असतील तर काढा. मालाच्या गाडीत हे जास्त महत्त्वाचं, वजन आणि वेग एकत्र आले की जुन्या टायरचा वरचा पट्टा सुटून येतो. स्टेपनीची तारीखही बघून घ्या.

प्रश्न: इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. चालू केल्यावर क्लच दाबूनही एकही पडत नाही, कर्रर्र आवाज येतो. गिअरबॉक्स गेला का?

उत्तर: बहुधा नाही. क्लच सुटत नाहीये. क्लच हायड्रॉलिक असेल तर कुणाला तरी पेडल दाबायला सांगून खालच्या सिलेंडरची दांडी बघा, बऱ्याच गाड्यांत ती एक-दीड सेंटीमीटर तरी सरकायला हवी. सरकत नसेल तर ऑइल, एअर किंवा सिलेंडरच्या कपाचा प्रश्न. पुरेशी सरकतेय तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलीये. इंजिन गरम करून बंद करा आणि पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून रात्रभर तसंच ठेवा, पुष्कळदा एवढ्यावर सुटते. नाहीच सुटली तर मोकळ्या मैदानात, समोर काही नसताना आणि ब्रेक आधी नीट झालेले असतील तरच, गिअर टाकून सेल्फ मारतात आणि क्लच दाबून धरत ॲक्सिलेटर देत-सोडत राहतात, झटक्याने प्लेट सुटते. तेही जमलं नाही तर गिअरबॉक्स उतरवायचा, जबरदस्ती करून काही साधत नाही.

प्रश्न: चालू केल्यावर पांढरा धूर आला, दहा मिनिटांत कमी झाला. तापमानाचा काटा मात्र हळूहळू वर चढतोय. हेड गॅस्केट असेल का?

उत्तर: धूर विरून गेला म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी आणि सिलेंडरमध्ये सोडलेलं ऑइल जळालं, त्याची काळजी नको. गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला आणि कूलंट कमी होत गेलं तर मात्र गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा मोकळ्या व्हायला थोडा वेळ द्या, काही शे किलोमीटर चालल्यावर तो बरेचदा कमी होतो.

काट्याचं आधी साधं बघा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर इंजिन गरम आणि रेडिएटरचा एक पाईप थंड लागतो. काढून गरम पाण्यात टाका, उघडला नाही तर बदला, पण थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा उपाय करू नका, इंजिन नीट तापत नाही आणि झीज वाढते. रेडिएटरच्या जाळीत माती-पानं बसली असतील तर इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी मारा. जुनं कूलंट तपकिरी झालं असेल तर त्यातला गंजरोधक संपलाय, सगळं फ्लश करून नवं भरा, नुसतं पाणी नको. झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे तुम्हाला माहीत असेल तरी लिहितोय.

प्रश्न: उंदरांनी आत घर केलं होतं. साफ केलं. आता एक हेडलाइट मंद आणि इंडिकेटर लावला की दुसरेच दिवे लुकलुकतात.

उत्तर: दुसरेच दिवे लागतात तिथे पहिला संशय अर्थिंगचा. बॅटरीची निगेटिव्ह केबल चॅसीला आणि इंजिनाला जिथे बोल्टने बसते ती जागा आणि दिव्यांच्या मागच्या अर्थच्या वायरी उघडा, गंज घासून धातू चमकवा, घट्ट करा. तरी राहिलं तर वायरिंगची टेप सोडून कुरतडलेली जागा शोधा आणि तेवढा तुकडा नवा जोडून द्या, नुसती टेप गुंडाळू नका. फ्यूज उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा टाकू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. एअर फिल्टरच्या डब्यात आणि हिटरच्या ब्लोअरमध्येही बघितलंत ना? तिथे घरटं राहून जातं. साफ करताना मास्क आणि हातमोजे घाला आणि लेंड्या ओल्या करून उचला, त्यांच्या धुळीतून आजार होतात.

प्रश्न: गाडी आता छान चालतेय, पण महिन्यातून एखाददोनदाच लागते. दर रविवारी पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद केली तर पुरेल ना?

उत्तर: नाही, उलट त्याने नुकसान जास्त. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहतं, आणि सेल्फने बॅटरीतून जेवढं घेतलं तेवढंही भरून निघत नाही. ब्रेक, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर यांना तर काहीच मिळत नाही. त्यापेक्षा दोनतीन आठवड्यांनी एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर व्यवस्थित चालवा, सगळे गिअर टाका, ब्रेक वापरा. ते शक्य नसेल तर चालू करूच नका, बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा आणि दर महिन्याला बॅटरी चार्ज करा (विश्रांतीनंतर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवली तर भरलेली आहे, 12 च्या खाली गेली तर जवळपास रिकामी). डिझेलची टाकी भरलेली ठेवा, आत हवा कमी म्हणजे पाणी कमी सुटतं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चाकांना अटकण लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, नाहीतर लायनर परत ड्रमला चिकटतील.